डॅफोडिलच्या वाफ्यातले फावडे

मी एक जुने फावडे आहे. माझे पाते पत्त्यांतल्या बदामासारखे टोकदार आहे आणि दांडा सरळ, माणसाच्या खांद्याला लागेल इतका उंच. कॉर्नवॉलच्या दगडाळ जमिनीत असेच फावडे चालते. माझ्या पात्याच्या डाव्या कडेला करंगळीच्या नखाएवढी एक खाच आहे. बघणाऱ्याला वाटते, दगडावर आपटून पडली असेल. मित्रांनो, तसे नाही. ती कशी पडली ते मी आजवर कुणाला सांगितले नाही, कारण मला कुणी विचारलेच नाही.

माझा जन्म मारहाणीतून झाला. पोल्गार्थ गावच्या पास्को लोहाराने कथलाच्या बंद पडलेल्या खाणीतली एक पहार आणली, भट्टीत लाल केली आणि ऐरणीवर घेऊन घणाने बडवायला सुरुवात केली. दर घावाला माझ्या अंगातून ठिणग्या उडत आणि मी किंचाळत असे. पास्को हसून म्हणायचा, "ओरड लेका, ओरड! आत्ता ओरडलास तर पुढं मोडायचा नाहीस." मग त्याने मला तापलेले तसेच पाण्यात बुडवले. त्या चरचरीनंतर मी गप्प झाले ती कायमची.

मला सायलस नॅन्कॅरोने नेले. उंच, हडकुळा, एकटा राहणारा माणूस. बोलणे कमी आणि राग मोठा. त्याची उतरणीवरची जमीन थेट समुद्राच्या कड्यापर्यंत जायची आणि त्या जमिनीत तो डॅफोडिलची फुले लावायचा. शेजारची जमीन त्याच्या मेहुण्याची, डेन्झिल ट्रेंबाथची. सायलसची बहीण टॅमसिन डेन्झिलला दिलेली. डेन्झिल गुरे पाळायचा, मोठ्याने हसायचा, मोठ्याने गायचा, आणि त्याच्या जाडजूड हातांकडे बघून कुणाला खरे वाटले नसते, पण फुलाची पाकळी सरळ करावी तर त्यानेच. दोन्ही जमिनींच्या मध्ये पुरुषभर उंचीचा दगडमातीचा बांध होता. त्यावर गवत वाढलेले आणि वसंतात रानफुले.

पोल्गार्थचे डॅफोडिल मंडळ म्हणजे पस्तीस-चाळीस माणसे. वर्षभर एकमेकांच्या गायी, मुले, नवरे-बायका यांच्या चौकशा करणारी ही माणसे मार्चमध्ये एकमेकांचे वैरी होत. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चॅपलमागच्या हॉलमध्ये फुलांचे प्रदर्शन भरे. चषक एकच. तो सलग सात वर्षे डेन्झिलच्या चुलीवरच्या फळीवर होता.

तुम्ही फुले बघता तेव्हा तुम्हाला फुलेच दिसतात. मला दिसते ती कत्तल. सायलस बारीक कुंचल्याने एका फुलाचे पराग दुसऱ्यावर लावी, त्याचे बी पेरी आणि पाच-पाच वर्षे वाट बघे. मग पहिले फूल आले की तो मला घेऊन वाफ्यापाशी उभा राही. मान वाकडी? खच्. पाकळीला सुरकुती? खच्. रंग मळकट? खच्. शंभरातली नव्व्याण्णव रोपे मी कंदासकट मधोमध चिरत असे. त्यांचा चीक माझ्या पात्यावर सुकून चिकट होई. संध्याकाळी सायलस मला गोणपाटाने पुसायचा, जवसाचे तेल लावायचा आणि खिळ्याला टांगायचा. कुणी मला हात लावला तर तो म्हणे, "ते ठेव खाली. माझी बायको मागितलीस तरी चाललं असतं, पण मला बायको नाही." तेवढाच त्याचा विनोद. मला मात्र तो फार अभिमानाचा वाटे.

महायुद्ध संपल्यावर सातव्या-आठव्या वर्षी त्याच्या वाफ्यात सतरा नंबरचे रोप फुलले. पाकळ्या सायीच्या रंगाच्या आणि मधला पेला बुडाशी हिरवा, काठाला फिकट पिवळा. सायलसने मला उचलले, बराच वेळ तसेच धरले आणि हळूच खाली ठेवले. त्या फुलात खोट नव्हती. एका कंदाचे तीस कंद व्हायला आणखी आठ वर्षे गेली. त्याने ठरवले, येत्या प्रदर्शनात सतरा नंबरचे तीन देठ मांडायचे. नव्या फुलाला नाव तिथेच मिळत असे. नाव त्याने मनात ठरवले होते, पण मला सांगितले नाही.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. समुद्रावरचा वारा खारा असतो. तो एका दुपारीत फुलाच्या कडा जाळून टाकतो. सतरा नंबरच्या वाफ्याला आडोसा हवा होता आणि आडोशाला दगड हवे होते. शरद ऋतूत, डेन्झिल बाजाराला गेला असताना, सायलसने आपल्या बाजूने बांधाचा पाया उकरला. उकरले मीच. मोठमोठे दगड आम्ही ओढून काढले, पोकळीत माती आणि गवत कोंबले आणि काढलेल्या दगडांची वाफ्याभोवती कमरेएवढी भिंत रचली.

"बांधाला काय, कोण दगड मोजतंय!" सायलस पुटपुटला. घरात दुसरे कुणी नव्हते, म्हणून तो हे मला म्हणाला असे मी समजते.

प्रदर्शनाआधीच्या रविवारी सगळे मंडळ ओढ्याकाठच्या राईत शेवाळ गोळा करायला जमले. फुलांचे देठ भांड्यात उभे राहावेत म्हणून भोवती शेवाळ दाबावे लागते. टॅमसिन मंडळाची चिटणीस. ती एका ओंडक्यावर उभी राहून कामे वाटत होती आणि बाकीचे पोती भरताभरता मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या खात होते.

"टेबलं क्लेमो लावेल. काळं कापड धुऊन आणायचं, गेल्या वर्षी त्यावर कोंबडीची पिसं होती," टॅमसिन म्हणाली.

क्लेमो हा डेन्झिलचा धाकटा भाऊ. "ती पिसं मिस ट्रेगियरच्या टोपीची होती," तो म्हणाला.

मिस ट्रेगियर मंडळाच्या अध्यक्ष. सत्तरी उलटलेल्या, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या. एकतीस वर्षे फुले मांडत होत्या आणि एकदाही त्यांना काही मिळाले नव्हते. "क्लेमो, तू तिसरीत होतास तेव्हाही असाच मूर्ख होतास," त्या शांतपणे म्हणाल्या.

सगळे हसले. सायलस हसला नाही. डेन्झिल त्याच्याजवळ येऊन माझ्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला.

"काय रे, ऐकतोय ते खरं? तुझ्याकडे म्हणे एक परी आहे. भिंतीआड कोंडून ठेवलीयस."

"शनिवारी बघ."

"बघतो ना. चषक पुसून ठेवलाय मी. तुला उचलायला जड जायला नको."

"दांड्यावरचा हात काढ," सायलस म्हणाला.

डेन्झिलने हात काढला आणि हसत निघून गेला. टॅमसिनने भावाकडे बघितले. तिचा चेहरा मला अजून आठवतो. आई भांडखोर मुलाकडे बघते तसा.

गुरुवारी सकाळपासून वादळ सुटले. नैर्ऋत्येचा वारा समुद्राचे पाणी उचलून कड्यावर फेकत होता. छपरावरच्या दगडी पाट्या उडून शेतात येऊन रुतत होत्या. एक पाटी सायलसच्या कानाजवळून गेली आणि कोठाराच्या दारात सुरीसारखी घुसली. तो वाफ्याभोवती गोणपाट बांधत होता. त्यासाठी त्याने वाफ्याच्या कोपऱ्यात लोखंडी रुळाचा एक तुकडा ठोकून बसवला होता. फुले उघडायच्या बेतात होती. शुक्रवारी सकाळी ती कापायची होती. आणखी एक दिवस, एवढेच त्याचे मागणे होते.

दुपारी बांध पडला. आधी आवाज आला, पोटात कळ उठावी तसा खोल. मग दहा-बारा पावलांइतका बांध बसला आणि आडवा झाला. पलीकडे डेन्झिलचा मेजर नावाचा वळू आणि सहा कालवडी वादळाने बिथरून बांधालाच चिकटून उभ्या होत्या. वाट दिसताच त्या उधळल्या आणि सरळ वाफ्यात शिरल्या.

मित्रांनो, फूल तुडवले जाताना आवाज होत नाही. देठ मोडताना होतो. तीस कंदांचे जेवढे देठ होते तेवढे सगळे मोडले. मेजरने शिंगाने गोणपाट ओरबाडले, ते त्याच्या डोळ्यांवर अडकले, आणि आंधळा झालेला तो वळू त्याच जागी गरगर फिरत राहिला. सायीच्या रंगाची फुले शेणात आणि चिखलात गेली.

सायलस मला घेऊन धावला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. त्याने मला दोन्ही हातांनी फिरवून मेजरच्या नाकाडावर हाणले. गोणपाट गळून पडले. मेजरला समोर माणूस दिसला. त्याने मान खाली घातली आणि सायलसला उचलून भिंतीवर आपटले. बरगड्या मोडल्याचे मी ऐकले. मी हातातून सुटले नाही, कारण त्याची मूठ आवळलेली होती. वळू मागे सरकला, पुन्हा मान खाली घातली. दुसरा धक्का बसला असता तर सायलसची गोष्ट तिथेच संपली असती.

तेवढ्यात पडलेल्या बांधावरून डेन्झिल आला. अंगात नुसता सदरा, डोक्यावर काही नाही, खांद्यावर वळूची साखळी. त्याने मेजरच्या नाकातल्या कड्यात हात घातला आणि पिरगाळला. वळूने त्याला दोनदा गुडघ्यांवर पाडले. त्याने कडे सोडले नाही. लाथा खात, शिव्या देत त्याने त्या धुडाला रुळाच्या तुकड्यापाशी ओढले आणि साखळी गुंडाळू लागला. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होते. साखळीचा शेवटचा वेढा देताना त्याने मागे वळून बघितले. सायलस जिवंत आहे हे दिसल्यावर सुटकेने त्याला हसू आले.

"ऊठ रे, मेला नाहीस तू! वळूच आहे, सासू नाही, एवढा काय घाबरतोस!"

सायलस उठला. एका हाताने बरगड्या दाबल्या होत्या, दुसऱ्यात मी.

"तूच सोडलास," तो म्हणाला.

"काय सोडलं?"

"शनिवारी हरणार हे कळलं तुला. म्हणून सोडलास."

"अरे येडा झालास काय? बांध पडला, बघ तिकडं..."

डेन्झिलचे वाक्य पुरे झाले नाही. सायलसने मला दोन्ही हातांनी डोक्यावर नेले. नेम डेन्झिलच्या डोक्यावर होता. मी खोटे बोलणार नाही. पण डेन्झिलचा पाय चिखलात घसरला, तो खाली गेला, आणि मी त्याच्या उजव्या हातावर पडले. तो हात साखळीवर होता आणि साखळी रुळावर. माझे पाते हातातून आरपार जाऊन लोखंडाला लागले. ही खाच तेव्हाची.

दोन बोटे जागीच तुटली. तिसरे कातड्याला लोंबत राहिले. डेन्झिल गुडघ्यांवर बसून आपल्या हाताकडे बघत राहिला, हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

सायलसने मला पुन्हा उचलले होते. दुसरा घाव घालायला. त्याच वेळी त्याची नजर डेन्झिलच्या डोक्यावरून बांधाच्या खिंडाराकडे गेली. बांध कुठे पडला होता ते त्याने पाहिले. जिथून आम्ही दगड काढले होते बरोबर तिथेच, एक वीत इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या दांड्यावरची त्याची पकड सैल झालेली मला कळली. मी चिखलात पडले.

टॅमसिन धावत आली. तिने एकदा नवऱ्याकडे बघितले, एकदा भावाकडे, आणि कमरेचा ॲप्रन सोडून डेन्झिलचा हात आवळून बांधला.

"सायलस, ट्रॅक्टर आण."

तो उभाच.

"सायलस! नंतर मर, आधी ट्रॅक्टर आण!"

तो पळाला. मोडक्या बरगड्या घेऊन पळाला. तेवढ्या वेळात टॅमसिनने तुडवलेल्या फुलांतून चाचपून दोन्ही बोटे शोधली आणि रुमालात बांधली. कशासाठी, हे तिलाही सांगता आले नसते. मग ते तिघे ट्रॅक्टरवर बसून गेले. वाटेत पडलेली झाडे कापत कापत त्यांनी शहराचे इस्पितळ गाठले. डेन्झिलला आत नेल्यावर सायलस परत फिरला आणि आपल्या पायांनी हवालदार चेनोवेथच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याने सगळे सांगितले, दगडांचेही. हवालदाराचे घर चॅपलच्या हॉलला लागूनच होते आणि घरामागे गजांची एक खोली होती. सोमवारी कोर्ट. तोवर सायलसला त्या खोलीत ठेवले.

मी पावसात पडून राहिले. शेजारी मेजर साखळीला बांधलेला, माझ्याकडे बघत उभा.

शुक्रवारी सकाळी टॅमसिन इस्पितळातून परतली. वाटेतच हवालदाराने तिला गाठून भावाची सगळी कबुली सांगितली आणि पुरावा म्हणून मला घेऊन यायला सांगितले. तिने वळू गोठ्यात नेऊन बांधला, मग मला चिखलातून उचलले. पुसले नाही. खांद्यावर टाकून निघाली. पण हवालदाराच्या दारापर्यंत जायच्या आधीच हॉलमधून आरडाओरडा ऐकू आला आणि ती तिकडे वळली.

आत मंडळाचे दोन तट पडले होते. अर्धे डेन्झिलचे, अर्धे सायलसचे. काळे कापड घातलेली टेबले लावून झाली होती, बादल्यांतून फुले भिजत ठेवली होती, आणि मधोमध क्लेमोने सायलसच्या मित्राला, हर्बी पोस्टमनला, गळ्याला धरून भिंतीला टेकवले होते.

"माझ्या भावाचा हात गेला! आणि तू त्याची बाजू घेतोस?"

"वळू कुणी सोडला ते आधी बोल!" हर्बी घुसमटत म्हणाला आणि त्याने डोके क्लेमोच्या नाकावर मारले.

रक्त उडाले. क्लेमोने त्याला टेबलावर आपटले. टेबल मोडले. मग कोण कुणाला मारतो हे कळेना. खुर्च्या फिरल्या. चहाचे पिंप कलंडून उकळते पाणी कुणाच्या पायावर गेले. चॅपलमध्ये शेजारी बसून देवाची गाणी म्हणणारी माणसे एकमेकांच्या तोंडावर बुक्के घालत होती आणि पायांखाली त्यांचीच वर्षभराची फुले चिरडत होती. मिस ट्रेगियर आपल्या बादलीपुढे छत्री घेऊन उभ्या होत्या. जो जवळ येईल त्याच्या नडगीवर छत्री बसत होती, तो कुठल्या तटाचा आहे हे न बघता.

टॅमसिनने मला एका टेबलावर आडवे आदळले. सगळा हॉल दणाणला.

माणसांनी वळून बघितले. माझ्या पात्यावर चिखल होता आणि चिखलात सुकलेले रक्त. कुणी हलेना.

"ऐका," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "वळू कुणी सोडला नाही. बांध पडला. बांध पडला, कारण माझ्या भावानं त्याचे पायाचे दगड चोरले. काल त्यानं स्वतः हवालदाराला सांगितलं. माझा नवरा गेला तो भांडायला नाही, त्याला वाचवायला गेला. आणि भावानं त्याचाच हात तोडला. एवढंच झालंय. आता आणखी ज्याला मारायचं असेल त्यानं पुढं यावं. हत्यार मी आणलंय."

हर्बीने ओठावरचे रक्त पुसले आणि खाली बघितले. क्लेमो भिंतीशी जाऊन बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

मिस ट्रेगियर म्हणाल्या, "टॅमसिन, तू चिटणीस आहेस म्हणून विचारते. उद्या प्रदर्शन आहे की नाही?"

टॅमसिन एका पालथ्या बादलीवर बसली. "डेन्झिल शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला सांगू? वाटलं, हाताचं विचारेल. तर म्हणतो, 'तळघरातल्या फुलांचं पाणी बदललंस का?'"

कुणीतरी हसले. हसताहसता त्याचा हुंदका झाला. क्लेमो उठला आणि मोडलेले टेबल उचलू लागला. हर्बीने दुसरी बाजू धरली.

मला हवालदाराच्या ताब्यात दिले गेले. त्याने माझ्या दांड्याला एक चिठ्ठी बांधली आणि बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात उभे केले. त्यामुळे पुढचे मी पाहिले.

दिवस कलताना टॅमसिन एक उथळ लाकडी पेटी घेऊन आली. त्यात डेन्झिलची फुले होती, बारा जातींची बारा, शिवाय प्रत्येक जातीचे एकेक जास्तीचे. प्रदर्शनातल्या मुख्य गटासाठी बारा लागतात. ती आदल्या दिवशी सकाळी, वादळ वाढायच्या आत, त्याने कापून ठेवली होती.

"सायलसला बाहेर आण," ती हवालदाराला म्हणाली.

"टॅमसिन, हे कायद्यात बसत नाही."

"क्लेमोच्या बोटांत ही फुलं बसत नाहीत. माझ्याही नाही. गावात प्रदर्शनाची फुलं भांड्यात नीट लावू शकणारे दोनच. एकाचा हात दुसऱ्यानं तोडला."

चेनोवेथने किल्ली काढली. सायलस बाहेर आला. छातीला पट्टे बांधलेले, डोळे सुजलेले. बहिणीकडे त्याने बघितले नाही. तिने टेबलावर मऊ कुंचला ठेवला, भांडी ठेवली, शेवाळ ठेवले.

"लाव."

"माझ्याच्यानं होणार नाही."

"मी विचारलं नाही."

"टॅमसिन, हात बघ माझे. कापताहेत."

"कापू देत. त्याला तर ते सुद्धा जमणार नाही."

सायलस बसला. पहिले फूल घेतले. त्याचे हात असे थरथरत होते की फुलाची मान तुटली. ते डोके टेबलावर घरंगळत गेले. तो उठू लागला. टॅमसिनने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबले, पेटीतून त्याच जातीचे जास्तीचे फूल काढले आणि समोर ठेवले. एकेक पाकळी तो बोटाने मागे दाबत गेला, कुंचल्याने धूळ झाडत गेला. डोळ्यांतून पाणी गळत होते, पण फुलावर पडू नये म्हणून तो मान बाजूला करून बसला होता. बारावे फूल उभे राहिले तेव्हा चेनोवेथने दिवा लावला.

शनिवारी मी भिंतीपलीकडून माणसांचा गलबला ऐकला. दुपारी हवालदार आला आणि गजांपाशी जाऊन म्हणाला, "दुसरा नंबर. एका पाकळीवर अंगठ्याचा ठसा दिसला परीक्षकाला."

आत सायलसने आपला अंगठा उजेडाकडे धरून बघितला.

"चषक मिस ट्रेगियरला मिळाला. बाई खुर्चीवर बसल्यात, उठायलाच तयार नाहीत. म्हणतात, उठले तर जाग येईल."

कोर्टात मला टेबलावर ठेवले होते. वकिलाने मला उचलून हवेत फिरवून दाखवले, तेव्हा पुढे बसलेली एक बाई किंचाळली. डेन्झिल हाताला पट्ट्या बांधून आला होता. त्याला विचारले, तुझा जीव घ्यायचा आरोपीचा इरादा होता का?

"होता," डेन्झिल म्हणाला. "डोक्यावर नेम होता. मी घसरलो म्हणून इथं उभा आहे."

तो त्यापेक्षा एक शब्द जास्त बोलला नाही आणि एक शब्द कमीही नाही. सायलसने गुन्हा कबूल केला. त्याला अठरा महिन्यांची कैद झाली.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. हवालदाराने मला कोळशाच्या खोलीत टाकले. तिथे ओल होती. आधी पात्याला तांबूस डाग पडले, मग पापुद्रे निघू लागले. दांड्याला कीड लागली. ज्या फावड्याला रोज तेल मिळे त्याच्यावर आता मांजर पिले घालत होती. सर्वांत वाईट म्हणजे माझ्यावरचे ते रक्त कुणी पुसले नाही. ते गंजाखाली तसेच राहिले.

सायलस सुटला तेव्हा हवालदाराने त्याला बोलावले. "तुझं आहे, घेऊन जा."

सायलस कोळशाच्या खोलीत आला. त्याने मला उजेडात धरले. सवयीने बाही ओढून पाते पुसू लागला आणि खाचेपाशी आल्यावर त्याचा हात थांबला. "नको," तो म्हणाला. "हे आता मला धरवायचं नाही." त्याने मला भिंतीला टेकवले. पाठमोरा जाताना तो कितीतरी म्हातारा दिसला. ज्याने मला इतकी वर्षे जपले तो मला टाकून गेला. मी लोखंड नसते तर रडले असते.

आठवड्याने दारात दुसरा माणूस आला. मी त्याला चालीवरून ओळखले. डेन्झिलने आत येऊन डाव्या हाताने मला उचलले.

"हे?" चेनोवेथ चकित झाला. "अरे, यानंच तर तुझा..."

"पास्कोच्या हातचं फावडं आहे. असं आता कुणी करत नाही," डेन्झिल म्हणाला. "कोळशात कुजवायला काय त्यानं गुन्हा केलाय?"

त्याने मला घरी नेले. वाळू लावून घासले. गंज गेला, गंजाखालचेही गेले. दांडा नवा बसवला. मग अंगणाच्या कोपऱ्यात तो माझ्याबरोबर डाव्या हाताने आणि उजव्याच्या उरलेल्या दोन बोटांनी खणायला शिकला. किती वेळा पडला, किती शिव्या दिल्या! मीही त्याच्याबरोबर नव्याने शिकले.

त्या दोघांत पुन्हा मैत्री झाली असे मी सांगितले तर तुम्हाला बरे वाटेल. तसे झाले नाही. नाताळला ते एका टेबलावर बसले नाहीत. पण दर वर्षी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सायलस ट्रेंबाथांच्या तळघरात यायचा आणि डेन्झिलची फुले लावायचा. डेन्झिल शेजारी स्टुलावर बसून खोड्या काढायचा.

"डावीकडची पाकळी."

"दिसतेय मला."

"दिसत असती तर केली असतीस नीट."

एवढेच बोलणे. टॅमसिन वरच्या पायरीवर केशराचे पाव आणि चहा ठेवून जायची.

आता ती तिघेही चॅपलमागच्या मातीत आहेत. डेन्झिलच्या नातीने मला गोठ्यात टांगले आहे आणि तिची फुले मीच खणून लावते. मित्रांनो, मी म्हातारे झाले आहे, म्हणून तुम्हाला एक विनंती करते. घरातल्या अवजारांना जपा. काम झाले की पुसा, तेल लावा, कोरड्या जागी ठेवा. आणि राग आला असेल त्या वेळी त्यांच्याकडे जाऊ नका. डेन्झिलच्या मते माझा गुन्हा नाही. तरी मला पुष्कळदा वाटते, त्या गुरुवारी माझा दांडा मोडायला हवा होता. पण अवजाराला 'नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला येते.